शेत कोणाचं, आणि त्यानं काय फरक पडतो?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, चित्रातली जागा शोधून काय मिळतं? चित्र ते चित्र." प्रश्न रास्त आहे. आज त्यासाठी एकच उदाहरण घेऊ.

रेम्ब्राँचं १६५१ सालचं एक एचिंग आहे. सपाट मुलूख, झाडीत दडलेला वाडा, दूर क्षितिजावर चर्च. कित्येक पिढ्या त्याला 'सोनं तोलणाऱ्याचं शेत' म्हणत आल्या. का? तर रेम्ब्राँनं १६३९ मध्ये आउटेनबोगार्ट या करवसुली अधिकाऱ्याचं चित्र केलं होतं, ते 'सोनं तोलणारा' म्हणून प्रसिद्ध. हे शेतही त्याचंच, असं धरून चालले. एकदा नाव चिकटलं की तपासायचं कोण?

विसाव्या शतकात अभ्यासकांनी तपासलं. आता इथं एक गंमत आहे बघा. ताम्रपटावर सुईनं जे काढाल ते कागदावर उलटं उमटतं. म्हणून हे एचिंग आरशात धरायचं. मग हार्लेम आणि तिथलं सेंट बाव्होचं चर्च आपापल्या जागी येतं. याच परिसराचं रेम्ब्राँचं रेखाटन रॉटरडॅमच्या संग्रहालयात आहे. ते हातानं थेट कागदावर काढलेलं, त्यामुळे सुलटं. वाडा ठरला साक्सेनबुर्ग, आणि मालक क्रिस्टोफेल टाइस.

आपल्याकडे नैयायिक 'हा तोच देवदत्त' या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात. काळ बदलला, वेष बदलला, तरी माणूस तोच. म्हणजे ओळख पटवायची तर साम्याबरोबर फरकाचाही हिशेब द्यावा लागतो. इथं तो डाव्या-उजव्याचा होता.

आणि हा टाइस कोण? ज्याच्याकडून रेम्ब्राँनं १६३९ मध्ये तेरा हजार गिल्डरांना घर घेतलं, तो. १६५१ पर्यंत ते पैसे पुरते फिटले नव्हते. १६५६ मध्ये रेम्ब्राँचं दिवाळं निघालं. म्हणजे हे ऋणकोनं काढलेलं धनकोचं शेत! सावकाराला खूश करायला काढलं असेल का? तसा तर्क करता येतो. पुरावा मात्र नाही, आणि तर्काला पुरावा म्हणू नये. नाहीतर एक खोटं नाव पुसून आपण दुसरी कहाणी चिकटवली, एवढंच होईल.

तेव्हा त्या श्रोत्याला माझं उत्तर असं: जागा कळल्यानं चित्र अधिक सुंदर होत नाही. क्षितिजाची ती लांबलचक रेघ पत्त्यावाचूनही तितकीच शांत आहे. पण त्या शांततेमागे कर्ज होतं हे कळलं, की आपण पाहणारे जरा कमी भाबडे होतो. माझ्या मते, तेवढं पुरे.