हवेची नोंद की चित्रांचा खेळ?

प्राथमिक शाळेच्या वर्गात ‘आजचे हवामान’ नावाचा तक्ता बहुधा दिसतोच. पुठ्ठ्यावर सूर्य, ढग आणि छत्री अशी चित्रे असतात. प्रार्थना झाली की एक मूल पुढे येते, बाण फिरवते आणि वर्ग गणिताकडे वळतो. हा तक्ता करण्यामागची शिक्षकांची कळकळ आम्हाला मान्य आहे. पण त्यातून मुले हवेची नोंद करायला शिकतात, हे मान्य नाही.

पहिला आक्षेप असा, की बाण फिरताच कालचा दिवस पुसला जातो. बोलताना आपण ‘हवामान’ हा शब्द सैलपणे वापरतो. भूगोलात मात्र हवा म्हणजे त्या त्या वेळची स्थिती आणि हवामान म्हणजे दीर्घकाळच्या नोंदींची सरासरी. ही सरासरी सहसा ३० वर्षांची काढतात. जो तक्ता कालचे आज ठेवत नाही, त्यातून हवामान कधीच हाती लागणार नाही. साधी वही हे काम अधिक चांगले करील.

दुसरा आक्षेप वेळेचा. श्रावणातल्या दिवसाला कोणते एक चित्र लावायचे? मुलाने सकाळी सूर्य लावला आणि मधल्या सुट्टीत सर आली, तर ते मूल चुकले काय? नाही, आपणच ‘किती वाजता?’ हे विचारायचे विसरलो. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीत दिवसाचा पाऊस म्हणजे सकाळी ८.३० वाजता संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस. सगळीकडे हीच वेळ पाळली जाते, म्हणून रत्नागिरीचा आकडा नागपूरच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. शाळेने आपल्या सोयीची वेळ ठरवावी, पण ठरल्यावर ती मोडू नये.

तिसरी गोष्ट मापाची. रिमझिम पावसालाही छत्री आणि मुसळधार पावसालाही तीच छत्री! तिसरी-चौथीची मुले पाऊस सहज मोजू शकतात. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. ती निमुळती होऊ लागते तेथे कापून वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा. तळ उंचसखल असतो, म्हणून खडे घालून सरळ भागापर्यंत पाणी भरावे व तेथे शून्याची खूण करावी. बाटली भिंती व झाडांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावी आणि रोज मोजून झाल्यावर पाणी पुन्हा शून्यावर आणावे. पाऊस लिटरऐवजी मिलिमीटरमध्ये का मोजतात, हा प्रश्न येथे मुलेच विचारतील. एक चौरस मीटर सपाट जागेवर एक मिलिमीटर पाणी साठले तर ते बरोबर एक लिटर भरते, हे त्यांना करून पाहू द्यावे.

आमचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र तक्त्यावर नाही, नोंद ‘दुरुस्त’ करण्याच्या सवयीवर आहे. मुलांचा आकडा वर्तमानपत्रातल्या आकड्याशी जुळला नाही की तो खोडण्याचा मोह होतो. २६ जुलै २००५ आठवावा. त्या २४ तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि सुमारे २५ किलोमीटरवरच्या कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. कुलाब्याच्या आकड्यावरून कोणी सांताक्रूझचा आकडा सुधारला असता तर? आकडा वेगळा आला तर बाटली कलंडली होती का, वेळ चुकली का, हे जरूर तपासावे. तसे काही आढळले तर ते शेजारी लिहावे. न आढळल्यास मुलांचा आकडा तसाच राहू द्यावा.

रविवारचेही तसेच. सोमवारी बाटलीत १८ मिलिमीटर पाणी मिळाले तर ते नऊ-नऊ असे वाटून टाकू नये. ‘दोन दिवसांचे मिळून १८’ असे लिहावे. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावे. पाहायचे राहिले तर जागा कोरी ठेवावी. शून्य आणि कोरी जागा यांतला फरक ज्या मुलाला कळला, त्याला नोंदीचे मर्म कळले. कोरी जागा भरून काढण्यासाठी आकडा रचणारे मूल पुढे प्रयोगशाळेच्या वहीतही तेच करील, आणि तो धडा आपणच दिलेला असेल.

तक्ता फेकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. पहिलीच्या मुलांना तो जरूर द्यावा. पण बाण फिरवण्याआधी त्यांना अंगणात नेऊन आकाश दाखवावे. जून आहे म्हणून छत्री, अशी चित्रे भिंतीकडे पाहूनही लावता येतात. मोठ्या वर्गांनी वही ठेवावी आणि वर्ष संपल्यावर ती पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. दहा वर्षांनी त्या शाळेजवळ आपल्या गावच्या पावसाचा असा हिशेब असेल, जो दुसऱ्या कोणाजवळ कदाचित नसेल.