कुलवृत्तांत त्यांचा, कोतवालबुक आमचं

मराठीत कुलवृत्तांत नावाचा एक साहित्यप्रकार आहे आणि आपल्या समीक्षकांनी तो कधी साहित्य म्हणून वाचलेला नाही. कवितेवर परिसंवाद होतात, कादंबरीवर प्रबंध होतात. गोखले कुलवृत्तांत, बापट कुलवृत्तांत असले घराण्याच्या वर्गणीतून छापलेले जाडजूड ग्रंथ मात्र वाचनालयाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडतात. मी ते काढून वाचले. मी डाळ मिलमधला कामगार. बार्शीटाकळीहून अकोल्याला रोजचं जाणं-येणं. चाळणीवर उभं राहून डाळीतला खडा ओळखायची सवय आहे, तीच सवय वाचताना वापरतो. प्रस्थापितांना ही समीक्षा वाटली नाही तर न वाटो.

कुलवृत्तांताची बांधणी ठरलेली. आधी मूळ पुरुष. मग गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, तिथून शाखा कुठं कुठं पांगल्या त्याची हकीगत. मग पिढ्यांमागून पिढ्या. माणसापुढं जन्मसाल, शिक्षण, हुद्दा, बायकोचं नाव आणि तिचं माहेर. वाचताना वाटतं, ह्या घराण्यात पोर जन्मलं की कुणीतरी दौत-टाक घेऊन शेजारी बसतच असलं पाहिजे. हेवा वाटतो. का वाटू नये?

पण विचारलं पाहिजे की ही माहिती टिकली कशानं? पूर्वजांवरच्या मायेनं म्हणाल, तर माया आमच्याही बुढ्याबाढ्यांना होती. ती टिकली जमिनीनं. ज्याच्या घरी वतन, इनाम, वर्षासन, त्याच्या घरी वंशावळ. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसवलं, १८५२ साली त्याचा कायदा केला आणि इनामदारांना बजावलं : कागद दाखवा, वारस दाखवा, नाहीतर इनाम खालसा. पुण्याचं पेशवे दफ्तर त्या काळात हेच दावे तपासायच्या कामी येत होतं. इतिहासासाठी ते मोकळं झालं फार उशिरा. गो. स. सरदेसायांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले ते १९३० नंतर. म्हणजे वंशावळ हा मुळातच हक्क शाबीत करायचा कागद. कुळाच्या अभिमानाचा मुलामा त्याच्यावर मागाहून चढला.

दोस्तांनो, हे पक्कं ध्यानात ठेवा. आज आपलं पोर जात पडताळणीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करतं तेव्हा कोणी हिणवतं, "सर्टिफिकेटासाठी आजा-पणजा शोधून रायले." शोधतो आम्ही. सगळ्यांनी तसाच शोधला. फरक एवढाच की त्यांना शोधायला घरातला पेटारा होता, आम्हाला सरकारी रेकॉर्ड रूम आहे.

त्या रेकॉर्ड रूममधला आपला ग्रंथ म्हणजे कोतवालबुक. विदर्भात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीला हे नाव आहे. सरकारी भाषेत गाव नमुना १४. रकाने थोडे. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. माणूस मेला असेल तर कशानं : ताप, पटकी, हगवण, देवी. काही पानं मोडीत, काही बाळबोधीत. कागद पापडासारखा, बोट लावलं की कडा मोडते. जन्माच्या नोंदीत पोराचं नाव बहुतेक नसतंच. अमक्या वल्द तमक्या, जात महार, मुलगा झाला. संपलं. आडनाव नाही. आई नाही.

ह्या एका ओळीवर मी आज बोलणार आहे, कारण ती आपल्या घराण्यांची पहिली लिखित ओळ आहे. ती नीट वाचली नाही तर पुढचं सगळं वाचणं लंगडं.

पहिली गोष्ट, नावाचं व्याकरण. पाटलाच्या नावाला मागे 'पाटील' किंवा 'जी'. आमच्या नावाला 'या'. सोन्या, लख्या, भिक्या. घरात आई लाडानं हाक मारते ते वेगळं. इथं हाक मारणारा पाटील-पटवारी आहे आणि त्यानं ती हाक जशीच्या तशी शाईत बुडवली आहे. दुसरी गोष्ट, रकान्यांचं राजकारण. पोराचं नाव रिकामं राहिलं तर चाललं, आईचं नाव नसलं तर चाललं. जातीचा रकाना मी पाहिलेल्या पानांवर कुठंच रिकामा नाही. सरकारला माणूस नको होता, मोजायला एक डोकं आणि डोक्यावर जातीचा शिक्का हवा होता. तिसरी गोष्ट सगळ्यात जळजळीत. गावची खबर ठाण्या-कचेरीपर्यंत नेणं हे बहुतेक गावांत महाराच्याच पायांवर होतं. जन्मल्याची खबर त्यानं न्यायची, मेल्याची खबर त्यानं न्यायची, आणि लिहिणारा हात दुसऱ्याचा. आपल्याच पोराचा जन्म ज्या कागदावर पडला तो कागद त्याला वाचता येत नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं ते ह्याच राबणुकीच्या विरुद्ध. पायांना वतन होतं, हाताला टाक नव्हता.

आमच्या बार्शीटाकळीत कालंका देवीचं जुनं देऊळ आहे. तिथला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे ११७६ च्या सुमाराचा. कोरून घेणाऱ्यांना साडेआठशे वर्षं पुरलेला दगड मिळाला. ज्यांनी असे दगड वाहिले त्यांच्या वाट्याला आला पापडासारखा कागद, तोही शेदीडशे वर्षांचा आणि वाळवी लागलेला. म्हणून काही तरुण मित्र म्हणतात, त्या बुकाला आग लावा. तो आमच्या अपमानाचा दस्तऐवज आहे. मला हे पटत नाही. मनुस्मृती जाळली ती तिचा कायदा मोडण्यासाठी. कोतवालबुक हा कायदा नव्हे, साक्षीदार आहे. साक्षीदार शत्रूच्या घरचा असला तरी जाळू नये, त्याची उलटतपासणी करावी.

आणि इथंच आपली खरी कोंडी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बापजाद्यांनी जुना धर्म टाकला. पुढं शाळेत पोरांची नावं घालताना ताठ मानेनं 'बौद्ध' लिहिलं. आज कचेरी विचारते, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत केंद्रानं घेतलं ते १९९० साली, पण मूळ जात कोणती हे दाखवावंच लागतं. म्हणजे जो शब्द आपण दीक्षाभूमीवर सोडून आलो तोच शब्द हुडकत रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या झिजवायच्या. पोरीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्या शब्दावर अडलेला. बाप हातात दाखला घेऊन उभा. एका कचेरीतल्या बाबूनं अशाच एका बापाला माझ्यादेखत विचारलं, "तुम्ही नक्की कोण? एक काय ते ठरवा." त्याला उत्तर देता आलं नाही. उत्तर असं आहे : तुम्ही आम्हाला काय लिहिलं ते त्या बुकात आहे, आम्ही काय झालो ते शाळेच्या दाखल्यात आहे. दोन्ही खरं आहे, आणि मधली उडी हाच आमचा इतिहास आहे.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मी वस्तीतल्या लोकांबरोबर हे कागद शोधायला जातो. पगार नाही, पद नाही. पद्धत साधी आहे, ती सांगून ठेवतो. जिवंत माणसापासून सुरू करा, मूळ पुरुषापासून नको. शाळा सोडल्याचा दाखला, मग शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर. त्यात गाव सापडतं, बापाचं नाव सापडतं. मग त्या गावाचं कोतवालबुक. बिननावाच्या 'मुलगा झाला' ह्या नोंदीला आपल्या आज्याशी जोडायचं तर तारीख, बापाचं नाव, भावंडांचा क्रम असे तीन धागे जुळवावे लागतात. आडनाव जुळणार नाही. आपली आडनावं बऱ्याचदा मागाहून लागलेली, गावावरून नाहीतर मास्तरच्या लेखणीतून. एका घरातले दोन भाऊ दोन आडनावांचे निघतात. वऱ्हाडचे कागदही एका जागी नाहीत. हा मुलूख निजामाचा, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, १९०३ ला मध्यप्रांताला जोडलेला, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. राज्य फिरलं तसे रुमाल फिरले.

एकदा एका म्हाताऱ्या मायबाईच्या जन्माची नोंद सापडली. तिला वाचून दाखवली. बापाचं नाव, जात, 'मुलगी झाली'. ती म्हणाली, "माह्या बापाचं नाव आलं. माहं?"

म्हटलं, "मायबाई, तुमचं नाव नाही लिहिलं."

"अन् माह्या मायचं?"

"तेही नाही."

"मंग मले जनलं कोनं बाप्पा?"

कोतवालबुकाची ह्याहून धारदार समीक्षा मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. आणि हा प्रश्न एकट्या कोतवालबुकाला नाही. पडताळणीची वंशावळ आजही बापाकडूनच चालते. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली ठरवलं की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या पोराच्या नावात आईचं नाव लागेल. बरं झालं. पण जुन्या पानांवरच्या माया तिथं येणार नाहीत. त्यांना आणलं ते आपल्या आत्मकथनांनी. 'अक्करमाशी' १९८४ ची. त्यातलं पोर बापाच्या नावाच्या रकान्यापाशीच अडतं. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्यात महारवाड्यातल्या बायांचं आयुष्य बाईनंच लिहिलं. समीक्षक ह्यांना व्यथा म्हणतात, आक्रोश म्हणतात. मी म्हणतो, हे आमचे कुलवृत्तांत आहेत. रकाना ज्याला मावत नाही त्यानं रकान्याबाहेर लिहिलेला वंश.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांची गोष्ट शेजारी ठेवून पाहा. तिथं १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या. मालकाचं नाव, आणि खाली गुलामाचं वय, लिंग, रंग. नाव नाही. सगळे नावानिशी मोजले गेले ते १८७० साली. त्यामुळं घराणं शोधणारा १८७० च्या भिंतीला धडकतो. तरी ॲलेक्स हेलीचं 'रूट्स' १९७६ ला आलं आणि घरोघरी शोध सुरू झाला. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्यांसाठी जे सरकारी खातं होतं त्याच्या कागदांची नावनिशीवार सूची हजारो स्वयंसेवकांनी तयार केली. ती २०१६ साली पुरी झाली. तिथल्या कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला मदत करायला पगारी माणूस असतो. तो शेजारी बसतो, जुनं अक्षर वाचून देतो, पुढचा कागद कुठं मिळेल ते सांगतो. आपल्याकडं खिडकी आहे, अर्ज आहे, नक्कल फी आहे. शेजारी बसणारा नाही.

तो बसवता येत नाही असं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली तेव्हा रुमाल सुटले, मोडी वाचणारे बोलावले, कागद स्कॅन झाले. ज्यांच्यासाठी झालं त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की सरकारनं मनावर घेतलं तर कोठडी उघडते. मग ती सगळ्यांसाठी उघडा. प्रत्येक तालुक्याला मोडी वाचणारा, लोकांशी नीट बोलणारा एक माणूस बसवा. ही मागणी आपल्या मोर्च्याच्या निवेदनात गेली पाहिजे.

आता थोडं आपल्याच घरात. अलीकडं आपल्यातही छापील वंशवृक्ष निघू लागलेत. वर नागवंशी राजा, खाली एकदम आजचा साहेब, फोटोसहित. मधे कोणी नाही. बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात नाग लोकांचा इतिहास सांगितला तो एका लोकसमूहाचा. आपल्या एकट्याच्या घराण्याला राजा चिकटवा असं ते म्हणाले नव्हते. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत त्यांनी पुरावे तुटले तिथं तर्कानं दुवा जोडण्याचा इतिहासकाराचा हक्क मांडला. पण दुवा जोडायला दोन्ही टोकं हातात लागतात. ज्याला पणजीचं नाव माहीत नाही त्यानं राजाचं नाव सांगणं म्हणजे कुलवृत्तांताची नक्कल, आणि तीही बिनकागदाची. मूळ पुरुषाचा हव्यास हा त्यांचा रोग. तो आपण कशाला विकत घ्यायचा? पटकीनं मेलेली पणजी मला राजापेक्षा जवळची आहे. तिची नोंद आहे. 'अमक्याची बायको, पटकीनं मयत.' त्या ओळीला नाव जोडणं हे आपलं काम.

म्हणून वाचकहो, एवढं करा. घरी ज्या म्हाताऱ्या आहेत त्यांना आजच विचारा. तीन पिढ्यांतल्या बायांची नावं, त्यांची माहेरची गावं, कोण कोणत्या कामाला जात होती, दीक्षेला नागपूरला कोण गेली, कशानं गेली : पायी, बैलगाडीनं, रेल्वेनं. शाळेच्या वहीत लिहा, तारीख टाका, खाली सांगणारीचा अंगठा घ्या. कोतवालबुकाची नक्कल मिळाली असेल तर त्या वहीतच चिकटवा. एका बाजूला त्यांनी लिहिलेली ओळ, दुसऱ्या बाजूला आपण लिहिलेलं पान. वह्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्या छापू. जागा कमी पडली तर चार पानं जास्त काढू, माझी कविता गाळू.

जय भीम.