खिनखिनीच्या मूर्ती मोबाइलवर कधी दिसणार?

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो बघता बघता जगभर फिरले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. फोटो घराघरांत पोचला, खुलासा तितका पोचला नाही.

वऱ्हाडच्या वारशाचं समाजमाध्यमांवर असंच चाललं आहे. पाऊस लागला की चिखलदरा, गाविलगड, नरनाळा यांच्या रील्सचा पूर येतो. त्यात धुकं असतं, गाणं असतं. नरनाळ्याचा नक्षीदार महाकाली दरवाजा 1487 सालचा, हे सांगणारं क्वचितच भेटतं. आणि ज्यांनी सांगायचं त्या संस्थांच्या पानांवर बहुधा पाहुण्यांचे सत्कार, पुष्पगुच्छ आणि जयंतीची अभिवादनं. वस्तू शोधावी लागते.

अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात राजनापूर खिनखिनी आहे. तिथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, 1863 साली स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यात आहेत. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. खिनखिनीच्या शाळकरी पोराला आपल्या शिवारातून काय निघालं, हे घरबसल्या दिसायला हवं. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. एक मूर्ती चहूबाजूंनी दाखवा, दीड-दोन मिनिटं, आणि बोलू द्या संग्रहालयातल्या जाणकारालाच: धातू कसा ओतला, लांछनावरून, म्हणजे ओळखचिन्हावरून, तीर्थंकर कसा ओळखायचा, डोक्यावर नागफणा असला तर पार्श्वनाथ का म्हणायचं. भाड्याच्या निवेदकाला हे जमणार नाही. खरं सांगायचं तर ज्ञान कमी नाही, ते कपाटात आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे.

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयाने एप्रिल 2018 मध्ये आपल्या संग्रहातला एका धष्टपुष्ट मेंढ्याचा जुना फोटो एका मिश्किल ओळीसह ट्विटरवर टाकला आणि लाखाहून अधिक लोकांना तो आवडला. सगळे त्या मिश्किल ओळीचं कौतुक करतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की फोटो हवा तेव्हा हाताशी होता. वस्तूला क्रमांक नाही, फोटो नाही, कुठून आली याची नोंद नाही, तर पोस्ट कशाची करणार?

शेतीचा असा संग्रह वऱ्हाडाइतका कुणाला शोभेल? अकोल्यात 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे, भोवती कापसाचा मुलूख आहे. तिफनीचं चाडं, सरतं, डवरा, वखर ही अवजारं ट्रॅक्टरमागे अडगळीत गेली; ती चालवलेली माणसं अजून आहेत. एका चाड्याचा फोटो टाकून आपल्याच बोलीत विचारा, "तुमच्या गावात याले काय म्हन्तेत?" उत्तरांचा पाऊस पडेल. पण त्यातलं नाव, गाव, वापर हे पडताळून नोंदवहीत उतरलं पाहिजे, विचारणाऱ्याला उत्तरही गेलं पाहिजे. आणि शेतीच कशाला? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आला. त्या काळच्या फोटोंतले चेहरे ओळखणारी घरं अशीच सापडतील.

हे काम रिकाम्या वेळेत कुणा लिपिकावर ढकलून होत नाही. प्रत्येक संग्रहालयात त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा, फोटो काढण्यावर जिथे सरसकट बंदी असेल तिथे ती उठवावी. अजब बंगल्याने सुरुवात खिनखिनीच्या मूर्तींपासून करावी. आणि वाचकहो, तुमच्या गोठ्यात जुनी तिफन पडली असेल तर ती भंगारात घालण्याआधी तिचा फोटो काढा आणि ती चालवणाऱ्या आजोबांना चार शब्द बोलायला लावा.