मंजुरी मिळाली, पण ॲप जंगलात चालेल का?

मोबाइलचे ॲप तयार करू पाहणारे विद्यार्थी सहसा दोन प्रश्न विचारतात. ते कोणत्या प्रणालीसाठी लिहावे? आणि त्याला मंजुरी कशी मिळवावी? आम्हाला वाटते, त्याआधी आणखी एक प्रश्न यायला हवा : फोन कोणाच्या हातात असणार? चंद्रपूरच्या जंगलातले एक उदाहरण पाहू.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये 'एम-स्ट्राइप्स' ही नोंदपद्धती आणली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत तिचे ॲप देशभर वापरले गेले. वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात चालतो, ठसे आणि विष्ठा टिपतो. ॲप त्याची वाट नोंदवत राहते.

या ॲपचा खरा गुण ही वाटच आहे. 'वाघाची खूण आढळली नाही' या वाक्याला अर्थ केव्हा येतो? किती किलोमीटर चालूनही आढळली नाही, हे कळले तरच. वही दोन कारणांनी कोरी राहू शकते : खूण नव्हती, किंवा कोणी गेलेच नाही. शिवाय उपग्रहांवरून स्थान समजण्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. नोंद फोनमध्येच साठवून नंतर पाठवता येते. स्वस्त फोन बहुधा अँड्रॉइडचे असतात, म्हणून त्या प्रणालीची निवडही योग्यच.

आता मंजुरीचे पाहू. गूगलकडे नोंदणीशुल्क एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९. नोव्हेंबर २०२३ नंतर गूगलकडे उघडलेल्या वैयक्तिक खात्याला किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ॲप वापरात नसतानाही स्थान टिपायचे असेल, तर त्याचे वेगळे कारण द्यावे लागते. ही सावधगिरी रास्त आहे. पण दाट बांबूत स्थान किती मीटरने चुकते, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते का, हे मंजुरी देणारा पाहत नाही.

आमचा आक्षेप आणखी पुढचा आहे. याच रेघेवरून वाघाचा माग निघतो आणि वनरक्षकाचे कामही मोजले जाते. केवळ किलोमीटर मोजले, तर सोपी वाट धरण्याचा मोह होणारच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात अशाच पायी सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. नकाशावरच्या रेघेत तो धोका दिसत नाही. तिचा अर्थ लावणाऱ्याने तो लक्षात ठेवायला हवा.

शाळेच्या परिसरातील झाडे नोंदवायची असतील, तर आधी आठवडाभर वहीतच नोंदी कराव्यात. कोणते रकाने रिकामे राहतात ते पाहावे. पुष्कळदा 'ओडीके'सारखी तयार साधने पुरतात. स्वतःचे ॲप लिहिण्याची आणि मंजुरीची वेळच येत नाही. ती आलीच, तर चाचणीचे ते १४ दिवस वर्गात नव्हे, झाडाखाली काढावेत.