‘झोंबिवली’ : प्रेक्षकांनी काय पाहिले?

कोलशेतला आमच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत एका रात्री मुलांसाठी चित्रपट लावतात. मागच्या वर्षी मुलांनी हट्टाने ‘झोंबिवली’ लावायला लावला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. माणसे साथीने पछाडली जातात, उठून इतरांना चावत सुटतात आणि उरलेले मूठभर लोक जीव घेऊन पळतात, हा परदेशी पडद्यावरचा जुना प्रकार मराठीत पहिल्यांदा आला तो याच चित्रपटातून.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथेची चौकट थोडक्यात सांगतो. एक अभियंता (अमेय वाघ) आपल्या गरोदर पत्नीसह (वैदेही परशुरामी) डोंबिवलीच्या नव्या टॉवरमध्ये राहायला येतो. टॉवरला लागून एक वस्ती आहे. टॉवरला पाणी आहे, वस्तीला नाही, आणि वस्तीतला एक तरुण (ललित प्रभाकर) त्या पाण्यासाठी भांडतो आहे. अशात साथ येते. तिचे मूळ शोधत गेले की आपण पुन्हा पाण्यापाशीच येऊन पोचतो.

चित्रपट संपल्यावर मोठी माणसे मांडवातल्या खुर्च्यांवर बराच वेळ बोलत बसली होती. आम्ही ऐकत होतो. मते मुख्यतः तीन प्रकारची होती. पहिले : ‘याला शास्त्रीय आधार काही नाही, सगळ्या थापा.’ दुसरे : ‘डोके घरी ठेवून बघा, मजा येते.’ तिसरे मत सर्वांत जास्त जणांचे होते : ‘मारामारी झकास, पण मध्येमध्ये ते पाण्याचे भाषण कशाला?’ या तिन्ही मतांचा विचार शिक्षकांनी करावा असे आम्हाला वाटते, कारण विद्यार्थीही चित्रपट पाहून हीच तीन वाक्ये बोलतात.

पहिले मत घेऊ. मेलेला माणूस चालू शकत नाही हे खरेच आहे आणि त्याचे कारण वर्गात सांगण्यासारखे आहे. स्नायू आखडायला ऊर्जा लागते हे मुलांना ठाऊक असते, पण आखडलेला स्नायू सैल व्हायलाही ऊर्जा लागते. ती एटीपी नावाच्या रेणूकडून मिळते. श्वास थांबला की एटीपी तयार होणे थांबते, आणि काही तासांत प्रेत ताठ होते ते त्यामुळेच. म्हणजे खरा मृतदेह लाकडासारखा पडून राहील, धावत सुटणार नाही. चाव्यातून पसरणारा आणि मेंदूवर हल्ला करणारा रोग मात्र आपल्याकडे आहे. तो म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणारा रेबीज. पण त्याचा विषाणू मज्जातंतूंतून हळूहळू सरकत मेंदूकडे जातो. लक्षणे दिसायला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. ही सवड मिळते म्हणूनच चावा बसल्यानंतर दिलेली लस उपयोगी पडते. लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलाला अशी लस दिली ती याच सवडीच्या भरवशावर. चित्रपटातल्या साथीला मात्र एवढा धीर नसतो.

तरीही ‘थापा’ म्हणून विषय संपवणे आम्हाला पटत नाही. चिमणीचे घर मेणाचे होते या गोष्टीला आपण कधी हरकत घेतली नाही. भूमितीत आपण ‘समजा’ असे म्हणतो आणि मग त्या ‘समजा’पासून पुढची प्रत्येक पायरी काटेकोरपणे चढतो. कल्पित कथेलाही एक ‘समजा’ द्यायला हवा. परीक्षा त्यानंतरची. कारणामागून परिणाम नीट येतो का, एवढे पाहायचे.

आता दुसरे मत. डोके घरी ठेवले तर या चित्रपटातली गंमतसुद्धा कळणार नाही. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये शुक्रावरून परतलेल्या यानाच्या किरणोत्सर्गाकडे बोट दाखवले आहे. ‘गो गोवा गॉन’मध्ये (२०१३) पार्टीतले मादक द्रव्य, कोरियाच्या ‘ट्रेन टू बुसान’मध्ये (२०१६) जैवतंत्रज्ञानाच्या कारखान्यातली गळती. ज्या समाजाला ज्याची धास्ती, तिथून त्याची भुते निघतात. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या औद्योगिक भागातला एक रस्ता गुलाबी झाला होता. ज्या गावाने हे प्रत्यक्ष पाहिले, त्याला पाण्यातून काहीही येऊ शकेल हे पटवून द्यावे लागत नाही. त्यात उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीवरून येऊन आमच्या कोलशेतच्या खाडीला लागते. तेव्हा हसताना आम्ही थोडे जपूनच हसलो.

तिसरे मत आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यात चूक आहे आणि ती चूक घातक आहे. पाण्याची बाजू हे या चित्रपटातले भाषण नव्हे. तोच त्यातला विज्ञानाचा गाभा आहे.

साथी ढोबळपणे दोन प्रकारे पसरतात. एक, माणसाकडून माणसाला. दुसरी, एकाच सामाईक स्रोतातून अनेकांना. पहिल्या प्रकारचे गणित सोपे आणि भयंकर असते. एका झोंबीने तासाला एकाच माणसाला चावायचे आणि चावलेल्याने पुढच्या तासाला तेच करायचे, असे समजा. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत विसाव्या तासाला संख्या १० लाख ४८ हजारांवर जाते. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. म्हणजे एकविसाव्या तासाला शहर संपले. प्रत्यक्षात असे होत नाही, कारण चावायला निघालेल्याला आधीच चावलेले लोक जास्त भेटू लागतात आणि वाढ मंदावते. हे मंदावणे केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली समीकरणांत मांडले. त्याच घराण्यातली समीकरणे वापरून कॅनडातल्या काही गणितज्ञांनी २००९ साली झोंबींच्या साथीवर एक निबंधही लिहिला.

दुसऱ्या प्रकारात रोगी एकमेकांना भेटलेले असण्याची गरज नसते. त्यांनी एकच पाणी प्यायलेले असते. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटलेली दिसली. त्याहून बोलके होते ते अपवाद. पंपाजवळच्या अनाथ-गरिबांच्या मोठ्या आश्रमात मृत्यू फार थोडे झाले, कारण त्याची स्वतःची विहीर होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा पटकीने गेली. तिला त्याच पंपाचे पाणी आवडत असे आणि ती ते मुद्दाम मागवून पीत असे. शेजारी राहून वाचलेले आणि दूर राहून गेलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक पाण्याकडेच बोट दाखवत होते.

आपल्याकडचे उदाहरण याहून मोठे आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीला यमुनेचे पात्र सरकले आणि नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणीपुरवठ्यात शिरले. प्रशासनाने क्लोरीनची मात्रा वाढवली. त्यामुळे जिवाणूंचे रोग आटोक्यात राहिले, पण एक विषाणू निसटला. पुढच्या दोन महिन्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू कोणता, हे तेव्हा कळले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासातून १९८० साली दिसून आले की ही कावीळ तोवर माहीत असलेल्या ‘ए’ आणि ‘बी’ या प्रकारांची नव्हती. आज आपण तिला ‘ई’ म्हणतो. हा रोग बहुतेकांना होऊन बरा होतो. पण गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो प्राणघातक ठरू शकतो.

आता पुन्हा ‘झोंबिवली’कडे पाहा. दूषित पाणी आहे, आणि त्याच गावात एक गरोदर स्त्री आहे. लेखकांच्या मनात कावीळ होती की नव्हती हा प्रश्न वेगळा. पण ही जोडी खऱ्या आयुष्यात किती भयंकर आहे ते कोणत्याही प्रसूतितज्ज्ञाला विचारावे. पूर्वार्धात चित्रपटाने हा धागा छान विणला आहे. टॉवर आणि वस्ती यांना जोडणारी आणि तोडणारी गोष्ट एकच, पाणी, हे त्याने भाषणाशिवाय दाखवले आहे. आमची तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. तिथे पाठलाग आणि झटापट यांनाच जास्त जागा मिळते आणि साथ निव्वळ चाव्याची होऊन बसते. चावा दिसतो, पाणी दिसत नाही. चाव्याच्या साथीत रोगी हाच शत्रू असतो. त्याला मारा, दार लावा, जिना अडवा. पाण्याच्या साथीत रोगी हा साक्षीदार असतो. त्याला विचारावे लागते, ‘तुम्ही कुठले पाणी प्यालात?’ प्रेक्षकांना पहिली गोष्ट रंजक वाटली आणि दुसरी भाषण वाटली, याचा दोष थोडा चित्रपटाकडेही जातो.

त्या रात्री मांडवात आठवीतल्या एका मुलीने मध्येच विचारले होते, ‘वस्तीला ते पाणीच मिळत नाही, तर पाण्यातून येणारा आजार आधी कुणाला व्हायला हवा?’ कोणी उत्तर दिले नाही. खुर्च्या उचलायची वेळ झाली होती.

महिन्याभराने सोसायटीत कावीळ सुरू झाली. पंधरा दिवसांत सात जण आजारी पडले. तपासणीत ‘ई’ निघाली. सातांपैकी एक आमच्या मजल्यावर घरकामाला येणाऱ्या मावशी होत्या. त्या जवळच्या वस्तीत राहतात. तातडीची सभा बोलावली गेली. ठराव आले ते असे : घरकाम करणाऱ्यांनी वेगळी लिफ्ट वापरावी, त्यांनी तळमजल्यावरच्या पिण्याच्या पाण्याच्या नळाला हात लावू नये, वस्तीतून येणाऱ्यांची तपासणी करावी. थोडक्यात, चावले कोणी याचा शोध सुरू झाला. दिल्लीच्या साथीची माहिती आम्हाला होती. हा रोग प्रामुख्याने पाण्यातून येतो, हेही आम्हाला ठाऊक होते. तरी त्या सभेत आम्ही गप्प बसलो. शेजाऱ्यांना कोण शिकवणार, असे वाटले. एवढेच नव्हे, तर मावशींना ‘पूर्ण बरे वाटेपर्यंत येऊ नका’ असा निरोप आमच्याच घरातून गेला आणि तो देताना त्या बऱ्या कशा आहेत हे आम्ही विचारले नाही.

पुढच्या सभेला ती आठवीतली मुलगी वडिलांबरोबर आली. तिने वहीत इमारतींचा नकाशा काढून रुग्णांची घरे रंगवली होती. सहाही घरे दोनच इमारतींत होती आणि त्या दोन इमारतींना एकच भूमिगत टाकी होती. मावशींचे घर नकाशाबाहेर होते. पण त्या कामाला येत त्या याच इमारतीत, आणि दिवसभर पाणी पीत ते इथलेच. हॅम्पस्टेडच्या वृद्धेसारखा हा अपवाद होता आणि तोच सर्वांत बोलका होता. आणखी एक गोष्ट तेव्हा आम्ही उशिरा का होईना, उठून सांगितली. या कावीळीची लक्षणे दिसायला बहुधा पाच-सहा आठवडे जातात, म्हणून आजचे पाणी स्वच्छ निघाले तरी निश्चिंत राहता येणार नाही, महिन्यापूर्वी काय झाले ते पाहावे लागेल. प्लंबरने टाकी रिकामी केली तेव्हा ड्रेनेजच्या चेंबरकडच्या भिंतीला तडा सापडला. भर पावसात तो चेंबर तुंबला होता, हे वॉचमनने सांगितले. त्याला आधी कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना आहे की हा चित्रपट वरच्या वर्गांतल्या मुलांशी बोलण्यासाठी जरूर वापरावा. ‘झोंबी असतात का?’ हा प्रश्न पाच मिनिटांत संपवावा. मग तीन प्रश्न द्यावेत. ही साथ माणसाकडून माणसाला जाते की एकाच स्रोतातून येते? कथेतला कोणता प्रसंग त्याचा पुरावा? आणि ती थांबवायची तर कोणाला कोंडायचे, की काय दुरुस्त करायचे? जमल्यास मुलांना शाळेच्या पाण्याचा नकाशा काढू द्यावा : नळ, टाकी, टाकीजवळून जाणारे सांडपाणी, टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ साली झोंबींच्या निमित्ताने लोकांना आपत्कालीन तयारीची यादी दिली होती. तिची सुरुवातही पाण्यापासूनच आहे.

मावशी दीड महिन्याने कामावर आल्या. लिफ्टचा ठराव मागे घेतला गेला, पण इतिवृत्तात तो अजून लिहिलेला आहे. या गणपतीत तोच चित्रपट पुन्हा लावावा, असे आम्ही मंडळाला सुचवले आहे.