मणिप्रवाळातील यंत्र : सुजाता यांच्या विज्ञानकथेची भाषा

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर लागते. परंपरेनुसार हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. १९९० नंतर ते मोटारी आणि पुढे मोबाइल दूरध्वनी तयार करणाऱ्या कारखान्यांचेही गाव झाले. तमिळ विज्ञानकथाकार सुजाता (१९३५–२००८) यांचे लेखन समजून घेताना ह्या गावाचे स्मरण केवळ भौगोलिक कारणाने होत नाही. येथून निघालेल्या रामानुजांची कर्मभूमी श्रीरंगम् ठरली. त्यांच्या प्रेरणेने शिष्य पिळ्ळान ह्यांनी नम्माळवारांच्या 'तिरुवाय्मोळी'वर पहिले भाष्य रचले, ते मणिप्रवाळात, म्हणजे संस्कृत आणि तमिळ एका सूत्रात ओवणाऱ्या गद्यात. शास्त्राची परिभाषा आणि लोकांची बोली ह्यांचा सांधा जुळवण्याचा तो एक मोठा प्रयोग होता. सुजाता ह्याच श्रीरंगम् परंपरेत वाढले. आळवारांचा परिचय करून देणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. त्यांचे विज्ञानगद्य ह्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

सुजाता म्हणजे एस. रंगराजन. जन्म मद्रासच्या तिरुवल्लिक्केणीत, बालपण श्रीरंगम् येथे आजीच्या घरी. तिरुचिरापल्लीत भौतिकशास्त्राची पदवी, क्रोमपेटच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण, नागरी विमानवाहतूक खात्यात नोकरी, नंतर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये दीर्घ सेवा. तेथे मतदानयंत्राच्या निर्मितीत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. 'सुजाता' हे त्यांच्या पत्नीचे नाव. 'कुमुदम्' साप्ताहिकात रा. कि. रंगराजन हे नामवंत लेखक आधीच असल्याने घोटाळा टाळण्यासाठी ते स्वीकारले गेले.

मराठी अभ्यासकाला येथे जयंत नारळीकर (१९३८–२०२५) आठवतील. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' ह्या नावाने पाठवली. ही स्वतःच्याच आद्याक्षरांची उलटी मांडणी होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नीच्या हस्ताक्षरात केलेली. एकाने पत्नीचे नाव घेतले, दुसऱ्याने पत्नीचे हस्ताक्षर. साम्य चटकदार असले तरी ते ताणण्यात अर्थ नाही. नारळीकरांना आपली कीर्ती परीक्षकांपासून लपवायची होती, रंगराजन ह्यांना दुसऱ्याच्या कीर्तीपासून वेगळे व्हायचे होते. महत्त्वाचा फरक वाचकवर्गाचा आहे. स्वीडनमध्ये १९५४ साली सुरू झालेल्या 'हेप्ना' मासिकाभोवती विज्ञानकथेच्या चाहत्यांची मंडळे वाढली आणि सॅम लुंडवाल (जन्म १९४१) ह्यांच्यासारखा चाहता पुढे लेखक, अनुवादक व प्रकाशक झाला. मराठीत ते काम काही अंशी परिषदेच्या स्पर्धेने आणि दिवाळी अंकांनी केले. सुजातांना मात्र आयते मंडळ नव्हते. होता तो रहस्यकथेला सरावलेला साप्ताहिकाचा वाचक. विज्ञानाची भाषा त्यालाच कळेल अशी घडवावी लागली.

ही निवड निरुपद्रवी नव्हती. १९१६ पासून मरैमलै अडिगळ ह्यांच्या शुद्ध तमिळ चळवळीने संस्कृत शब्दांना नकार दिला होता. मणिप्रवाळ हा शब्दच तेथे निंदाव्यंजक ठरला. 'कृष्णविवर' हा संस्कृत सामासिक शब्द मराठीत भारदस्त वाटतो, त्यावर कोणी रागावत नाही. तमिळमध्ये तशी घडण पक्ष घेण्यासारखी होती. सुजातांनी इंग्रजी पारिभाषिक शब्द तमिळ लिपीत तसेच ठेवले आणि वाक्य मात्र बोलीच्या चालीने तुटक, वेगवान केले. भाष्यकारांनी संस्कृताला दिलेली जागा येथे इंग्रजीने घेतली. त्यांच्या गद्याला 'आधुनिक' म्हणून मोकळे होणारी समीक्षा ही जुनी वीण पाहत नाही.

'एन इनिय इयंदिरा' ही १९८० च्या दशकात 'आनंद विकटन'मध्ये क्रमशः आलेली कादंबरी ह्याचा उत्तम पुरावा आहे. शीर्षकच मणिप्रवाळ: 'एन इनिय' (माझ्या प्रिय) हे तमिळ, आणि संबोधन 'यंत्र' ह्या संस्कृत शब्दाचे, आरंभी तमिळ उच्चाराचा 'इ' लागलेले. कथेत २०२० नंतरच्या काळातली हुकूमशाही आहे. नागरिकांना क्रमांक आणि दोनच अक्षरांची नावे मिळतात: निला, सिबी, रवी, सत्ताधीश जीवा, यांत्रिक कुत्रा जीनो. (त्या राज्यात 'सुजाता' हे नावही बसले नसते.) नावाची लांबी सरकारने ठरवणे ही कल्पना, उसन्या नावाने लिहिणाऱ्याच्या हातून आलेली, कादंबरीतली सर्वांत धारदार गोष्ट आहे. जीवा हा केवळ प्रकाशप्रतिमा असल्याचे उघड होते, ते तिच्या मानाने अपेक्षित वाटते. मतदानयंत्रावर काम करणाऱ्या अभियंत्याने अस्तित्वातच नसलेल्या शासकाची गोष्ट रचावी, हा योगायोग चरित्रकाराने सोडू नये.

कादंबरीची दुर्बलता तिच्या प्रकाशनपद्धतीतच आहे. दर आठवड्याला उत्कंठेवर थांबण्याच्या निकडीत निलेचा राजकीय प्रश्न मागे पडतो आणि पुस्तके वाचणारा, मिस्किल जीनो कथेचा ताबा घेतो. उत्तरार्धाला 'मीण्डुम जीनो' म्हणजे 'पुन्हा जीनो' हे नाव मिळाले, त्यात वाचकाचा कौल दिसतो. स्त्रीच्या नावाने लिहिलेल्या ह्या कथेत नायिकेला राणीपद मिळते, पण शेवटचा शब्द बहुधा कुत्र्याचाच.

सुजातांच्या मृत्यूनंतर, २०१० साली, त्यांचा संवादलेखनात सहभाग असलेला यंत्रमानवावरील चित्रपट आला. हिंदीत त्याचे नाव 'रोबोट'. तमिळनाडूत २००६ पासून तमिळ शीर्षकाच्या चित्रपटांना करमणूक करातून सूट होती. तेथे तो 'एंदिरन' झाला, म्हणजे तमिळ उच्चारात मुरलेले तेच संस्कृत 'यंत्र'.