नाव खोडले, ओळख उरली

‘नावे काढूनच माहिती दिली आहे, तेव्हा खासगीपणाला धोका नाही,’ असे आश्वासन सरकारी खाती आणि कंपन्या नेहमी देतात. आमच्या मते ते गणिताच्या कसोटीवर टिकत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० च्या दशकात आपल्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावे वगळून संशोधकांना दिल्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेऊन ती या नोंदींशी ताडून पाहिली. राज्यपाल विल्यम वेल्ड यांचीच जन्मतारीख असलेले मतदार सहा. त्यांत पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. वेल्ड यांची नोंद सापडली!

कारण साधे आहे. दहा वर्षांतील जन्मतारखा सुमारे ३,६५०. मुलगा-मुलगी धरून ७,३०० खण. हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत बहुतेक जण आपापल्या खणात एकटेच असणार. शाळेच्या पटावरून हे जरूर पडताळून पाहावे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. तो जपायचा तर नाव खोडणे पुरेसे नाही; जिथे वर्षाने भागते, तिथे पूर्ण जन्मतारीख मागूच नये. शाळेतल्या अर्जांपासून ही सुरुवात करता येईल.